हृदयाची झडप बदलायची ठरली, तर: इको रिपोर्टपासून आयएनआरच्या वहीपर्यंत

आमच्या घरात दोघांच्या छातीत बदललेल्या झडपा आहेत. धाकट्या बहिणीची मायट्रल झडप ती ३४ वर्षांची असताना बदलली. तिची मेकॅनिकल, म्हणजे कारखान्यात बनवलेली कृत्रिम झडप आहे आणि त्याला आता नऊ वर्षं झाली. सासऱ्यांची एओर्टिक झडप ७३व्या वर्षी बदलली, ती टिश्यूची, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली. दोन्ही वेळा फायली सांभाळत, रांगेत उभी राहत, डॉक्टरांचं बोलणं वहीत उतरवून घेत फिरणारी मीच होते.

बहिणीच्या वेळी मला वाटायचं, ऑपरेशनचा दिवस पार पडला की सुटलो. तसं नसतं. त्या दिवसाचा भार सर्जन आणि त्यांची टीम उचलते. त्याआधीचे निर्णय आणि त्यानंतरची रोजची गोळी मात्र घरच्यांच्या हातात असते, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक घोळ तिथेच झाले आहेत. त्यामुळे या लेखात ऑपरेशन थियेटरबद्दल थोडं आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दिवसांबद्दल जास्त लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. डोस आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. त्यांना काय विचारायचं, ते इथून घेऊन जा.

आधी कळू द्या, बिघडलंय काय

हृदयात चार झडपा असतात. दिवसाला साधारण एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात, आणि रक्त एकाच दिशेने पुढे जाऊ देतात. झडप दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर ती आकसते आणि पुरती उघडत नाही, याला स्टेनोसिस म्हणतात. नाहीतर ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं, त्याला डॉक्टर लीक किंवा रिगर्जिटेशन म्हणतात. एकाच झडपेत दोन्ही दोष असू शकतात. हृदयाच्या डाव्या बाजूला दाब जास्त असतो, म्हणून मायट्रल आणि एओर्टिक याच दोन झडपांची नावं बहुतेक फायलींवर दिसतात.

तरुण वयात मायट्रल बिघडण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे लहानपणी येऊन गेलेला संधिवाताचा ताप, म्हणजेच रुमॅटिक फीवर. ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे सुजतात आणि मग सगळं ओसरतं. जंतूंशी लढायला उठलेली शरीराची यंत्रणा स्वतःच्याच झडपेला इजा करून गेलेली असते, आणि ते वीस वर्षांनी कळतं. बहीण चौथीत असताना तिचे गुडघे सुजले होते. वाढीचं दुखणं म्हणून आईने तेल चोळलं होतं. तिला दोष कसा देणार? तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. घरात अशा दुखण्याचं लहान मूल असेल तर कृपा करून त्याला डॉक्टरांकडे न्या. वेळेवर सुरू केलेलं, दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन झडप वाचवू शकतं.

उतारवयात बहुधा एओर्टिक बिघडते. वर्षानुवर्षं कॅल्शियम साचून ती कडक होते. शंभरात एखाद-दोन माणसांना जन्मतःच या झडपेला तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. त्यांना हा त्रास पन्नाशी-साठीतच गाठतो.

डॉक्टर विचारतात, ‘दम लागतो का?’ आपण म्हणतो, ‘थोडासा.’ या उत्तरावरून त्यांना काही ठरवता येत नाही. मुंबईकराला मोजमाप देणं सोपं आहे: कुठला पूल, किती पायऱ्या, मध्ये किती वेळा थांबलात, आणि सहा महिन्यांपूर्वी किती वेळा थांबत होतात. बहीण करी रोडच्या पुलावर मधेच थांबून मोबाईल बघितल्यासारखं करायची. रात्री तिला तीन उशा लागायला लागल्या, हे भावोजींच्या लक्षात आलं. म्हणून रुग्णासोबत नेहमी घरातलं दुसरं माणूस न्या. रुग्ण लपवतो ते दुसरा सांगतो. एओर्टिक झडप आकसलेल्या माणसाला चढताना छातीत दुखलं, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो पडला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सासरे जिन्यात असेच पडले आणि आम्ही तीन आठवडे ते पित्त समजून काढले.

इको रिपोर्टमधले आकडे

टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्या रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद वाचून घाबरण्यापेक्षा त्यातले तीन-चार आकडे शोधा आणि वहीत तारखेसह लिहा.

झडपेचं उघडणारं क्षेत्रफळ हा पहिला. निरोगी मायट्रल ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते; १.५ किंवा त्याखाली आली की आकसणं गंभीर धरतात. बहिणीची ०.९ होती. एओर्टिक ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते, ती १ वर किंवा खाली आली की गंभीर. एओर्टिकसाठी सरासरी ग्रेडियंटही बघा, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. ४० किंवा त्यावर असेल तर गंभीर. कधी हृदयच थकलेलं असतं, तेव्हा झडप गंभीर असूनही ग्रेडियंट कमी दिसतो. तिथे निर्णय अनुभवी कार्डिऑलॉजिस्टचाच.

ईएफ म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद. ५५च्या वर ठीक, असं सगळे म्हणतात. मायट्रल खूप गळत असेल तर हाच आकडा फसवतो, कारण ढकललेल्या रक्तातलं बरंचसं मागच्या मागे जात असतं. गंभीर गळतीत ईएफ ६० पर्यंत उतरला, तर त्रास नसतानाही डॉक्टर ऑपरेशनचं बोलू लागतात. ‘साठ तर चांगला आहे ना’ असं म्हणत थांबू नका. चौथा आकडा फुप्फुसांकडच्या दाबाचा. तो वर्षागणिक चढत असेल तर झडपेमागे रक्त तुंबत चाललं आहे. आणि जुने रिपोर्ट फेकू नका. तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडले की डॉक्टरांना दोन मिनिटांत दिशा कळते.

बदलायचीच का?

हा प्रश्न सर्जनला सरळ विचारा. चांगला सर्जन त्याने दुखावत नाही.

आकसलेली मायट्रल लवचिक असेल, कॅल्शियम फार नसेल, गळती किरकोळ असेल आणि डाव्या कर्णिकेत गुठळी नसेल, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. याला आपल्याकडे सरसकट बलून म्हणतात. छाती उघडावी लागत नाही. गुठळी आहे का, हे तोंडावाटे नळी घालून केलेल्या इकोत नीट दिसतं. बहिणीच्या झडपेत कॅल्शियमही होतं आणि गळतीही, म्हणून बलून बाद झाला. मायट्रल मुख्यतः गळत असेल तर ‘रिपेअर का होणार नाही?’ हे विचारा. आपलीच झडप दुरुस्त होऊन राहिली तर ते सहसा सगळ्यात चांगलं. पण त्यासाठी असे रिपेअर नेहमी करणारा हात लागतो. रुमॅटिकने आकसून जाड झालेली झडप दुरुस्त करणं अवघड असतं.

वयस्कर माणसाच्या एओर्टिकसाठी टावी हा पर्याय आहे: मांडीच्या धमनीतून घडी केलेली टिश्यू झडप नेऊन जुन्या झडपेच्या आत उघडतात. फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी २००२ साली हे पहिल्यांदा माणसावर केलं. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत ते होतं, पण झडप महाग आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या किंवा मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्या माणसासाठी नक्की विचारा.

औषधांबद्दल गैरसमज नको. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी उतरतं, बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, गोळीनेच भागलं.’ आकसलेली झडप कुठल्याही गोळीने, काढ्याने किंवा आसनाने उघडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. सहा जणांची घेत बसलात तर तेवढ्या वेळात हृदय थकतं.

कोणती झडप बसवायची?

सर्वांत जास्त वेळ द्यावा असा निर्णय हाच. आमच्याकडे तो ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, वॉर्डच्या बाहेर उभ्या उभ्या विचारला गेला. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. ओपीडीतच विषय काढा.

मेकॅनिकल झडपेला लोक धातूची झडप म्हणतात. तिच्या पाकळ्या खरं तर पायरोलिटिक कार्बनच्या असतात. ती झिजत नाही. वीस-तीस वर्षं आणि त्याहून जास्तही चालते. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर, एकही दिवस न चुकता घ्यावी लागते. टिश्यूची झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाय-बैलाच्या हृदयावरणापासून बनवतात. तिला ती गोळी बहुधा पहिले तीन महिनेच लागते. पण ती झिजते. उतारवयात १० ते १५ वर्षं, कधी त्याहून जास्त टिकते. तरुण शरीरात लवकर खराब होते आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येते.

म्हणून साधारणपणे पन्नाशीच्या आत मेकॅनिकल आणि पासष्टीच्या पुढे टिश्यू सुचवतात. मधल्या वयात चर्चा करून ठरवायचं. पण वयाच्या आकड्याआधी मी दुसराच प्रश्न विचारेन: या माणसाची गोळी आणि रक्ततपासणी आयुष्यभर नीट होईल का? तो बोटीवर किंवा दूरच्या गावी राहतो का, दारू घेतो का, आधी अल्सरमधून रक्त गेलं आहे का? वर्षानुवर्षं आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी रक्ततपासणी) न तपासणाऱ्या माणसाच्या छातीत मेकॅनिकल झडप धोक्याची आहे.

मुलगी लग्नाची असेल किंवा मूल हवं असेल, तर हा विषय दहापट गंभीर होतो. वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी ती गोळी, गर्भात पोचतं. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो, आणि गोळी बंद केली तर आईच्या झडपेत गुठळी होऊ शकते. मेकॅनिकल झडपेसह बाळंतपण होत नाही असं नाही. पण त्यासाठी गर्भ राहण्याच्या आधीपासून कार्डिऑलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांची आखणी लागते. काही मुली हे जाणूनच टिश्यू निवडतात, पुढे दुसरं ऑपरेशन होणार हे स्वीकारून. बहिणीला एक मुलगा होता. ती आणि भावोजींनी एकच पुरे असं ठरवून मेकॅनिकल घेतली. ठरवायचं त्या दोघांनी होतं. आम्ही बाकीचे ऐकायला होतो.

सासरे माळकरी. त्यांनी सर्जनना विचारलं, ‘कुठल्या प्राण्याची?’ त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि त्या ऊतीवर रासायनिक प्रक्रिया केलेली असते, त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, हेही समजावलं. सासरे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘त्या जिवाचं ऋण घेतो मी.’ घरच्यांनी ही गोष्ट रुग्णापासून लपवू नये असं मला मनापासून वाटतं. श्रद्धेचा प्रश्न आधी बोलून सुटतो. नंतर कळला तर आयुष्यभर टोचतो.

पैशांची ओढाताण असेल तर भारतीय झडपेबद्दलही विचारा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झालेली चित्रा झडप १९९० पासून वापरात आहे आणि परदेशी झडपांपेक्षा स्वस्त आहे.

कागद आणि पैसे

मुंबईत केईएम, सायन, नायर ही पालिकेची आणि जे. जे. हे सरकारी रुग्णालय हृदयाची ऑपरेशनं करतात. पालिकेचं नाव काढलं की काही लोक नाक मुरडतात. देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी परळच्या केईएममध्येच केलं होतं. इथे खरी अडचण गर्दीची आणि तारखेची असते, म्हणून नाव लवकर नोंदवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं; पहिल्याच दिवशी तिथे जा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते, नंतर बिल दाखवून नाही. रेशन कार्डावर रुग्णाचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हे घरीच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची मंजुरी इथेच अडकते. बहिणीचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलं होतं. ते दुरुस्त करण्यात अकरा दिवस गेले. निवडलेली झडप योजनेत पूर्ण बसते की वरचे पैसे भरावे लागतील, हेही आधी विचारा.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा विभागात जा आणि ‘धर्मादाय योजनेतून’ असे शब्द वापरून अर्ज करा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडेही अर्ज करता येतो. दोन्हीकडे रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. त्याच्या सही-शिक्क्याच्या चार प्रती आधीच घ्या. बाहेरगावहून येणाऱ्यांनी परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनात राहण्याची चौकशी करावी.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

दात तपासून घ्या. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून दाढ काढायची असेल तर ती ऑपरेशनच्या आधी. अनेक जण हे विसरतात आणि तारीख पुढे जाते. चाळिशीच्या पुढे अँजिओग्राफी होते. ब्लॉकेज सापडलं तर बायपास त्याच वेळी उरकतात. तंबाखू, विडी, मिश्री त्याच दिवशी बंद, कारण नंतर खोकून कफ काढायचा असतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे लिहून घ्या. स्वतः ठरवू नका. आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा सांगा. रक्तदाते शोधून ठेवा. आमच्यासाठी चाळीच्या मंडळातली मुलं आली होती.

संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनना विचारा: ‘या रुग्णाला जिवाचा धोका शंभरात किती? पक्षाघाताचा? किडनीचा? पेसमेकर लागण्याचा?’ उत्तर ऐकताना हात कापतात, मला माहीत आहे. तरी विचारा. वय, ईएफ, किडनी यांवर हा आकडा बदलतो, आणि तो माहीत असलेलं घर पुढच्या दिवसांत एकमेकांना दोष देत बसत नाही.

तो दिवस आणि आयसीयू

भूल दिल्यावर छातीचं मधलं हाड उभं कापतात, रक्ताभिसरण हार्ट-लंग मशिनवर घेतात, पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबवतात, जुनी झडप काढून नवी टाक्यांनी शिवतात आणि हृदय पुन्हा सुरू करतात. हाड तारेने बांधतात. तीन ते पाच तास धरा. भूल देण्याची तयारी आणि नंतरची हलवाहलव धरून सकाळी आत गेलेला माणूस दुपार उलटून दिसतो. बाहेर बसणाऱ्यांनी जेवून घ्यावं आणि फोन एकाच माणसाने घ्यावेत.

आयसीयूत पहिल्यांदा पाहाल तेव्हा तोंडात व्हेंटिलेटरची नळी, मानेत सुई, छातीतून दोन-तीन नळ्या, पोटाच्या वर पेसमेकरच्या बारीक तारा, चेहरा सुजलेला. हे सगळं अपेक्षित आहे. लहान मुलांना तेव्हा नेऊ नका. नळी काढल्यावर काही रुग्ण, विशेषतः वयस्कर, दोन-तीन दिवस भ्रमिष्टासारखं बोलतात. सासरे नर्सला आपली वारलेली बहीण समजून हाका मारत होते. ते ओसरतं. त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र नर्सकडे द्या. आज कुठला वार, आपण कुठे आहोत, हे शांतपणे सांगत राहा.

मग तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र हातात येतं. दुखतं म्हणून रुग्ण टाळतो. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावा, दर तासाला चेंडू उचलायला लावा. न्यूमोनिया टाळण्याचं निम्मं काम याने होतं. साधारण आठवड्या-दहा दिवसांत घरी सोडतात.

घरी आल्यावर

हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने. तोवर पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, मूल, काहीही उचलायचं नाही. कणीक तिंबायची नाही. हातांवर जोर देऊन उठायचं नाही, कुशीवर वळून उठायचं. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसता-उठताना भिंतीला हात ओढले जातात, म्हणून चाळीत राहत असाल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. लोकलची गर्दी तीन महिने नको, डबा कुठलाही असो. दादरला एक कोपर छातीवर बसलं तरी पुरे. चालणं मात्र रोज, घरात पाच मिनिटांपासून सुरू करून वाढवत.

रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, फोन करा. लोणचं, पापड, खारवलेले मासे बंद. जखमेतून पाणी आलं, छातीत हाड कटकट वाजायला लागलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

तिसऱ्या आठवड्यात बहीण कारण नसताना रडायची. रात्री शांत झालं की झडपेची टिकटिक तिला ऐकू यायची. ‘ताई, हे आता जन्मभर वाजणार का गं?’ म्हणायची. हो, वाजतं, आणि काही महिन्यांनी मन त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतं. आता तिचा मुलगा तिच्या छातीवर कान ठेवून झोपतो. मोठ्या ऑपरेशननंतर मन खचणं नेहमीचं आहे. महिनाभरात सुधारलं नाही तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार होतात.

आयएनआरची वही

मेकॅनिकल झडप असेल तर इथून पुढचं दोनदा वाचा.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचं ते १च्या आसपास असतं. एओर्टिक मेकॅनिकल झडपेला साधारण २ ते ३, मायट्रलला २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचं लक्ष्य डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. खाली गेलं तर झडपेत गुठळी, वर गेलं तर रक्तस्राव. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा तपासणी, स्थिरावलं की महिन्याला एकदा, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये.

गोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी. वॉरफरिन आणि ॲसिट्रॉम दोन्ही रक्त पातळ करतात, पण या वेगळ्या गोळ्या आहेत. दुकानात नाही म्हणून एकीच्या जागी दुसरी घेऊ नका, मिलिग्रॅमचा आकडाही दरवेळी वाचा. विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या, वहीत लिहा, दोन एकदम कधीही घेऊ नका. तपासणीच्या कटकटीतून सोडवणाऱ्या नव्या गोळ्यांबद्दल कुणी सांगेल. मेकॅनिकल झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान अशा झडपांवर वापरून पाहणारा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावा लागला होता.

पालेभाज्यांमधलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. म्हणून काहींना पालेभाजी बंदच करायला सांगतात. ते चूक आहे. पालक, मेथी, अळू, शेपू खा, पण दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात. श्रावणात रोज अळूचं फतफतं आणि अळूवडी झाली की बहिणीचा आकडा खाली येतो, आणि नवरात्रात नऊ दिवस उपास केला की वर जातो. आता ती एकच दिवस करते आणि त्या आठवड्यात तपासणी करून घेते.

औषधांचा धोका अन्नाहून मोठा. दोन वर्षांनी तिची कंबर धरली. जवळच्या एका दवाखान्यात कमरेत वेदनाशामक इंजेक्शन दिलं, सोबत पाच दिवसांच्या गोळ्या. झडपेबद्दल तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. चौथ्या दिवशी पार्श्वभागापासून गुडघ्यामागपर्यंत काळंनिळं पडलं, आयएनआर ६.८. आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले. तेव्हापासून आमचा नियम आहे: ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम नाही, स्नायूत इंजेक्शन डॉक्टरांना झडपेचं सांगितल्याशिवाय नाही, कुठलंही अँटिबायोटिक सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन देतात. तेही आयएनआर वाढवू शकतं. ती गोळी टाळू नका, पण कळवा आणि तपासा. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि रक्त आधीच पातळ असतं, म्हणून पावसाळ्यातला ताप घरी काढायचा नाही.

गणपतीला गावी जाताना निघण्याआधी तपासणी, आणि गोळ्या मुक्कामापेक्षा दहा दिवसांच्या जास्त. त्या डिकीतल्या बॅगेत न ठेवता अंगाजवळ ठेवा. पाळीत रक्त जास्त जात असेल तर लाजून गप्प बसू नका; हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं आणि पुन्हा दम लागायला लागतो.

टिश्यू झडपवाल्यांनाही सुट्टी नाही: डॉक्टर सांगतील तशी ॲस्पिरिन आणि नियमित इको.

ताप आणि दात, दोन्ही झडपांसाठी

दात काढणं, मुळाचं काम किंवा खोल सफाई असेल तर आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा. त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कारण न सापडलेला ताप दोन-तीन दिवस राहिला, थंडी वाजून येऊ लागला, तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी, घ्यायला सांगा. झडपेवरचा संसर्ग आधी घेतलेल्या दोन-चार गोळ्यांमुळे तपासणीत लपतो आणि आतून झडप पोखरत राहतो. आणखी एक राहून जाणारी गोष्ट: झडप रुमॅटिकने खराब झाली असेल तर नवी बसवल्यावरही पेनिसिलिन बहुधा चालू ठेवावं लागतं, कारण बाकीच्या झडपा आपल्याच आहेत. रक्त पातळ असताना इंजेक्शन घ्यायचं की रोजची गोळी, हे कार्डिऑलॉजिस्टला विचारा.

पर्समधलं कार्ड

झडपेची कंपनी, मॉडेल आणि नंबर असलेलं कार्ड रुग्णालयातून सुटताना मागून घ्या. एमआरआयच्या वेळी लागतं. त्याच्यामागे आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलंय:

‘मला मायट्रलची मेकॅनिकल झडप आहे. मी रोज ॲसिट्रॉम घेते. लक्ष्य २.५ ते ३.५. स्नायूत इंजेक्शन देऊ नका.

झडपेचा आवाज बंद किंवा बोथट झाला आणि दम लागला, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, डोक्याला मार लागला (शुद्धीवर असले तरी), तर मला दवाखान्यात नाही, ताबडतोब मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. १०८ला फोन करा.’

खाली भावोजींचा आणि माझा नंबर. अशीच एक प्रत मुलाच्या शाळेच्या दप्तरात, एक फ्रिजच्या दारावर, आणि एक शेजारच्या काकूंकडे.